रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा: ट्रेमोलो टबडक टबडक का होतो आणि त्याला काय करायचं

तुम्ही विचारलंय की क्लासिकल गिटारवर 'रोमान्स' पूर्ण वाजतंय, कार्कासीचे थोडे स्टडीज (सरावासाठीचे छोटे पीस) झालेत, आता तारेगाचं 'रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा' हातात घेतलंय, मोकळ्या तारांवर ट्रेमोलो (एकच सूर बोटांनी भराभर पुन्हा पुन्हा छेडणं) बऱ्यापैकी स्पीडने जातो पण सरळ न जाता घोडा पळाल्यासारखा टबडक टबडक ऐकू येतो, डावा हात सुरू केला की पार कोलमडतो, नखं किती ठेवायची ते कळत नाही, आणि चार महिन्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचंय तर जमेल का. उत्तर लांब होणार आहे, कारण या पीसवर माझा फार जीव आहे, बरीच वर्षं तो वाजवतोय आणि शिकवतोय, आणि घाईघाईत उरकलेला ऐकला की खरंच वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे तुमची बोटं स्पीडला कमी पडत नाहीयेत. साधं गणित करा. पीस 3/4 मध्ये आहे, म्हणजे बारला तीन ठोके, एका बारमध्ये अंगठ्याचे सहा स्ट्रोक आणि प्रत्येक स्ट्रोकमागे अनामिका, मधलं बोट, तर्जनी अशा तीन नोट्स, म्हणजे बारला 24. क्वार्टर नोट 60 धरली, म्हणजे मिनिटाला 60 ठोके, तर सेकंदाला 8 नोट्स होतात आणि 76 ला साधारण 10. दहा म्हटलं की धडकी भरते, पण एकेका बोटाच्या वाट्याला सेकंदाला अडीच स्ट्रोकच येतात, तेवढं तर टेबलावर बोट आपटत बसलेला माणूसही सहज करतो. अवघड आहे ते चारही नोट्समधलं अंतर सारखं ठेवणं, आणि त्याहून अवघड आहे अंगठा, ज्याकडे कुणी बघतच नाही. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

थोडं पीसबद्दल, कारण ते माहीत असलं की हात वेगळा पडतो. फ्रान्सिस्को तारेगा 1852 चा, स्पेनच्या कास्तेयोन प्रांतातल्या व्हिलारेआलचा. ज्याच्या 'ग्रान व्हाल्स'मधून नोकियाची रिंगटोन घेतली होती तोच हा, म्हणजे तारेगाची एक ओळ आपल्या सगळ्यांच्या कानात आधीच बसलेली आहे. रेकुएर्दोस 1890 च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. अल्हाम्ब्रा म्हणजे स्पेनच्या ग्रानादा शहरातला नसरी सुलतानांचा डोंगरावरचा राजवाडा, जिथे तिथे हौद, कारंजी, पाण्याचे पाट. आधी पीसचं नाव वेगळं होतं, 'आ ग्रानादा' आणि खाली 'कांतिगा आराबे' म्हणजे अरबी गीत, मग छापताना आत्ताचं नाव आलं आणि आल्फ्रेड कोत्तां या फ्रेंच गिटारिस्टला अर्पण केलं गेलं. गिटारवरचा ट्रेमोलो काही तारेगाने पहिल्यांदा आणला नाही, जुलिओ रेगोंदीच्या 1864 मध्ये छापलेल्या 'रेव्हरी'मध्येही तो आहे, पण आज ट्रेमोलो म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तारेगाचाच हा पीस येतो.

बहुतेक लोक सांगतात की हा ट्रेमोलो म्हणजे अल्हाम्ब्राच्या कारंज्यांचं पाणी. ऐकणाऱ्याला तसं वाटलं तर छानच आहे, पण वाजवणाऱ्याने डोक्यात पाणी धरलं की तो सगळं सरसर, धूसर वाजवायला लागतो आणि मग एकही नोट स्पष्ट निघत नाही. माझ्या मते वाजवताना गळ्याचा विचार करावा. गिटारची तार छेडली की आवाज लगेच पडायला लागतो, वरच्या तारांवर तर फारच पटकन, व्हायोलिनसारखा सूर धरून ठेवता येत नाही, म्हणून तोच सूर पुन्हा पुन्हा छेडून तो लांबवायचा. जुन्या हिंदी गाण्यांतलं मँडोलिन आठवा, तिथेही कारण हेच, फक्त तिथे एक पिक खालीवर फिरतं आणि बेस वाजवायची जबाबदारी दुसऱ्याची असते. इथे दर चौथ्या नोटला मेलडी थांबते कारण तेव्हा अंगठा वाजत असतो, आणि ती फट ऐकणाऱ्याचा कान स्वतःच भरून काढतो. पण कान ही मेहरबानी तेव्हाच करतो जेव्हा बाकीच्या तीन नोट्स सारख्या अंतरावर आणि सारख्या वजनाच्या असतात, नाहीतर त्याला फटच ऐकू येते. तुमचं टबडक टबडक म्हणजे ती ऐकू आलेली फट.

आता ती येते कुठून. क्रम आहे पी-ए-एम-आय, म्हणजे अंगठा, अनामिका, मधलं, तर्जनी. ए-एम-आय हे तळहाताकडे मिटत जाणारी एकच हालचाल असल्यासारखं वाटतं, त्यामुळे हात ते एका झटक्यात भर्रकन करून टाकतो. मग बोटं परत उघडायची कधी? अंगठा वाजतो त्याच क्षणी. पण नवीन वाजवणाऱ्याचं काय होतं, अंगठा वाजतो, बोटं मिटलेलीच राहतात, मग दचकल्यासारखी उघडतात, अनामिका उशिरा येते आणि झालेला उशीर भरून काढायला मधलं बोट आणि तर्जनी पळत सुटतात. अंगठा, थांबा, तीन घाईच्या नोट्स, अंगठा, थांबा. म्हणजे बोटं उघडण्याची वेळ चुकतेय, तेवढं एक सुधारलं की अर्ध्याहून जास्त काम होतं. फोनवर रेकॉर्ड करा आणि अर्ध्या स्पीडला ऐका, पी आणि ए मधली फट लगेच सापडेल, वाजवताना ती स्वतःला कधीच ऐकू येत नाही.

यावर उपाय, आणि हा कंटाळवाणा आहे हे आधीच सांगतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) 60 वर, एका ठोक्याला एकच नोट. अंगठा वाजला की लगेच अनामिका तारेवर नेऊन ठेवायची, वाजवायची नाही, नुसती ठेवायची, पुढच्या ठोक्याला ती वाजवायची आणि लगेच मधलं बोट तारेवर ठेवायचं, मग तर्जनी. त्यामुळे प्रत्येक नोट तोडून तोडून, सुटी ऐकू येईल, गाणं अजिबात वाटणार नाही, आणि तसंच हवंय. प्रत्येक बोट वेळेच्या आधी हजर राहायला शिकतंय. तबल्यावर तिरकिट जसं आधी संथ लयीत एकेक अक्षर स्वच्छ काढून मगच दुगुन-चौगुनला नेतात तसंच हे. ते बसलं की ठोक्याला दोन नोट्स, मग चार. लक्षात ठेवा की 60 च्या ठोक्याला चार नोट्स म्हणजे पीसचा टेम्पो फक्त 30 झाला, तरीही तिथे बरेच दिवस राहा.

त्याच्या जोडीला क्रम फिरवून वाजवा. नेहमी अंगठ्यापासून सुरुवात केली की हात चारचा गठ्ठा पाठ करून ठेवतो. तर्जनीपासून सुरू करा, आय-पी-ए-एम, म्हणजे तर्जनी ते अंगठा आणि अंगठा ते अनामिका हे दोन्ही नाजूक सांधे गठ्ठ्याच्या मध्ये येतात. मग ॲक्सेंट बदला, एकदा अनामिकेवर जोर, एकदा मधल्यावर, एकदा तर्जनीवर. मधल्या बोटावर जोर देताना सगळ्यांचीच गाडी अडते, कारण अनामिका आणि मधलं बोट हाताच्या मागच्या बाजूने स्नायूबंधांनी एकमेकांना जोडलेली आहेत आणि वेगवेगळी हलायला तयार नसतात. करंगळीकडेही लक्ष द्या. ती ताठ बाहेर निघाली असेल तर हातात ताण आहे असं समजा, तिने अनामिकेबरोबर सैल हलायला पाहिजे. हे सगळं दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत करा. मनगटाच्या वर कोपरापर्यंत दुखायला लागलं तर त्या दिवसापुरतं बंद, त्यात जोर लावून काहीही मिळत नाही.

स्पीड वाढवायला एक वेगळी गोष्ट करा, टेम्पो एकेक आकड्याने वर ढकलत बसू नका. एकच गठ्ठा, पी-ए-एम-आय आणि शेवटचा पी, पूर्ण स्पीडने मारा आणि त्या पी वर थांबा, हात सैल सोडा, परत. ते स्वच्छ आलं की दोन गठ्ठे. असं केल्याने हाताला खऱ्या स्पीडची ओळख होते पण ताण साठायला वेळच मिळत नाही.

आता अंगठा. या पीसमध्ये बोटांना फक्त एक सूर धरून ठेवायचाय, बाकी सगळं संगीत अंगठ्याकडे आहे. बारमधले सहा स्ट्रोक सारखे नाहीत. पहिला खरा बेस, सगळ्या बारचा पाया. बाकीचे पाच मधल्या तारांवर चढत-उतरत जाणारा कॉर्ड, म्हणजे साथ. पहिला बार पाहा, ए मायनरचा कॉर्ड धरलेला, अंगठा पाचव्या मोकळ्या तारेवरून वर चढत दुसऱ्या तारेपर्यंत जातो आणि परत खाली येतो, आणि वर पहिली तार मोकळी वाजत राहते. नवीन माणूस सहाच्या सहा स्ट्रोक एकाच ताकदीने ठोकतो कारण अंगठा मुळात बलवान असतो, आणि मग मेलडी त्याखाली दबून जाते. अंगठ्याला तीन वजनं यायला हवीत: बेससाठी भरीव, मधल्या नोट्ससाठी हलकं, आणि अंगठा दुसऱ्या-तिसऱ्या तारेपर्यंत पोचतो तेव्हा अगदीच हलकं, कारण तिथे तो मेलडीच्या शेजारी जाऊन बसतो आणि जरा जोर झाला की कानाला मेलडी कुठली आणि साथ कुठली ते कळेनासं होतं.

मी सगळ्यांना सांगतो की पूर्ण पीस आधी नुसत्या अंगठ्याने वाजवायला शिका. ट्रेमोलो नाहीच. संपूर्ण पीस, डाव्या हातासकट, सावकाश, स्वतंत्र पीस असल्यासारखा, बेस कुठे मोठा, कुठे लहान, ओळ कुठे श्वास घेते ते सगळं ठरवून. हे ऐकायला इतकं सुंदर लागतं की कंटाळा येत नाही. मग दुसरी पायरी, अंगठा आणि मेलडी, पण मेलडी एकदाच, फक्त अनामिकेने, म्हणजे पी-ए पी-ए असं दोन आवाजांचं गाणं. हे पाठ झालं की मगच पी-ए-एम-आय भरायचं. बहुतेक लोक उलटं करतात, पहिल्या दिवसापासून ट्रेमोलोसकट बार-बार करत पुढे सरकतात, आणि मग दोन वर्षांनीही त्यांना पीसची चाल अंगठ्याने वाजवून दाखवता येत नाही.

बेसचं अजून एक. मोकळ्या तारा खूप वेळ वाजत राहतात. कॉर्ड बदलला, बेस सहाव्यावरून पाचव्या तारेवर गेला आणि आधीची तार तशीच घुमत राहिली की खाली सगळा चिखल होतो. अंगठा पाचवी वाजवताना त्याच्याच पाठीमागच्या बाजूने सहावीला हलकेच टेकवून ती बंद करता येते. सगळीकडे गरज नाही पण जिथे हार्मनी बदलते तिथे ऐका आणि ठरवा.

डावा हात आला की कोलमडतं असं तुम्ही लिहिलंय. तो उजव्या हाताचा दोष समजू नका. डावा हात उशिरा पोचतो, उजवा त्याची वाट बघतो, आणि तुम्हाला वाटतं ट्रेमोलो तुटला. प्रत्येक बारचा पूर्ण कॉर्ड एकदम धरून बघा, अर्पेजियो म्हणजे एकेक तार सुटी नाही, एकत्र. बारवरून बारला हे कॉर्ड सहज बदलता येतात का? जिथे अडतं तिथेच ट्रेमोलो तुटणार. बदलताना सगळी बोटं एकाच वेळी पोचायची गरजही नसते, बेसचं आणि मेलडीचं बोट आधी, मधलं बोट जेव्हा अंगठा त्या तारेवर येईल तेव्हा, इथे भरपूर वेळ मिळतो आणि तो कुणी वापरत नाही. ग्रेस नोट्स (मुख्य सुराला लागून येणारे छोटे सूर) डाव्या हातानेच काढा, त्यासाठी ट्रेमोलो अडवू नका. बारे (एकाच बोटाने आडव्या बऱ्याच तारा धरणं) जोरात दाबून धरायची सवय असेल तर सोडा, चार-पाच मिनिटांच्या पीसमध्ये हात शेवटापर्यंत टिकला पाहिजे, आणि इथे मध्ये कुठेही विश्रांती लिहिलेली नाही.

मेलडी काही ठिकाणी दुसऱ्या तारेवर येते आणि तिथे भलेभले अडकतात. पहिल्या तारेच्या पलीकडे मोकळी जागा असते, बोट कितीही लांब फिरलं तरी चालतं, पण दुसऱ्या तारेला दोन्ही बाजूंना शेजारी आहेत आणि ब्रिजपाशी (तारा गिटारच्या अंगाला जिथे बांधलेल्या असतात तिथे) दोन तारांमधलं अंतर जेमतेम 11-12 मिलिमीटर. म्हणून सरावच दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवर करा, पहिलीवर नको. त्या अरुंद जागेत हालचाल आपोआप लहान होते, आणि मग पहिल्या तारेवर आलात की मोकळं मैदान वाटतं. हात जरा ब्रिजकडे नेलात तर तार थोडी घट्ट लागते आणि बोट तिच्यात रुतत नाही, तिथे सुरुवात करा, साउंडहोलवर नंतर या.

नखं. तारेगा स्वतः शेवटच्या काही वर्षांत नखांशिवाय, नुसत्या बोटाच्या मांसाने वाजवायचा आणि त्याचा शिष्य एमिलिओ पुजोलने ती पद्धत पुढे चालवली, तेव्हा नखांशिवाय होतच नाही असं नाही. पण नायलॉनच्या तारांवर आज जवळजवळ सगळे नखांनी वाजवतात आणि तुम्हीही तेच करा. बोटाच्या टोकाच्या पुढे 1 ते 2 मिलिमीटर, बस. जास्त लांब नख तारेत अडकतं आणि तेही टबडकचं एक कारण असतं. लांबीपेक्षा तिन्ही नखांचा आकार सारखा असणं महत्त्वाचं, एकाचा आवाज चिरका आणि दुसऱ्याचा गोल असेल तर कितीही समान वाजवलंत तरी कानाला उंचसखल लागणार. काचेच्या फाइलने आकार द्या, मग एकदम बारीक पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत करा. भांडी घासल्यावर लगेच वाजवायला बसू नका, ओली नखं मऊ होऊन मुडपतात. मोडलंच तर टेबल टेनिसच्या बॉलचा तुकडा कापून खालून चिकटवतात, हा जुना आणि चालणारा उपाय आहे.

गिटार नायलॉन स्ट्रिंगची आहे ना एवढं नक्की करा. आपल्याकडे क्लासला जाणारे बरेच जण स्टीलच्या अकूस्टिकवरच सुरुवात करतात, तिची मान 43 मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि क्लासिकलची 52, हा फरक ट्रेमोलोत लगेच जाणवतो, शिवाय स्टीलच्या तारा नखं खाऊन टाकतात. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात लाकूड दमट होऊन ॲक्शन, म्हणजे तारांची मानेपासूनची उंची, वर येते आणि डावा हात उगाच जड वाटतो, तेव्हा केसमध्ये सिलिकाची पाकिटं ठेवा.

टेम्पोबद्दल माझं मत ठाम आहे. 60-66 ला सरळ आलेला रेकुएर्दोस 84 ला पळवलेल्यापेक्षा कितीतरी सुंदर लागतो. पेपे रोमेरो ऐका, डेव्हिड रसेल ऐका, जॉन विल्यम्सचं अचूकपण ऐका, पण ऐकताना एकदा फक्त अंगठा ऐका आणि एकदा फक्त वरची ओळ. मायनरमधून मेजरमध्ये जातं त्या जागी आपोआप जोर वाढवावासा वाटतो, माझं म्हणणं उलट, तिथे आवाज कमी करा आणि बेसला थोडं गोल, अंगठ्याच्या मांसाने वाजवा, मग तो उजेड आपोआप पडतो. प्रत्येक ओळ जिथे चढते तिथे थोडी पुढे झुकू द्या, उतरते तिथे सोडा, पण हे सगळं अंगठ्याच्या चालीत, ए-एम-आयला त्याचा पत्ता लागू न देता.

राहिलं गॅदरिंग. चार महिन्यांत पूर्ण रेकुएर्दोस स्टेजवर, नाही, आणि हे मी तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाहीये. स्टेजवर हात गार पडतात, थोडे थरथरतात, आणि ट्रेमोलो ही पहिली गोष्ट आहे जी थरथरणाऱ्या हाताला सोडून जाते. घरी जो टेम्पो आरामात जातो त्याच्या बराच खाली स्टेजवर जातो, हे धरूनच पीस निवडायचा असतो. गॅदरिंगला तारेगाचाच 'लाग्रिमा' वाजवा, छोटा आहे, ई मेजर आणि मग ई मायनर, 'रोमान्स' येणाऱ्याला दीड-दोन महिन्यांत नीट बसतो, आणि त्यात वरची ओळ आणि बेस वेगवेगळ्या वजनाने वाजवायचा जो सराव होईल तोच पुढे रेकुएर्दोसला लागणार आहे. कार्कासीच्या ओपस 60 मधला सातवा स्टडी केला नसेल तर तो आत्ताच घ्या, ट्रेमोलोची तयारी म्हणून त्याच्याइतकी चांगली गोष्ट मला माहीत नाही. आणि रोज पंधरा-वीस मिनिटं रेकुएर्दोस नुसत्या अंगठ्याने. गॅदरिंग झालं की ट्रेमोलो भरायला घ्या, मायनरचा भाग आधी, आणि तेव्हा अर्ध्या स्पीडला ऐकलेलं रेकॉर्डिंग घेऊन परत विचारा, मग बोटाबोटाचं बोलू.